शंका आणि दोनाचा आकडा



आज मी तुमच्याशी एका परक्या शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द परका खरा. पण तो ज्या मुलखात बोलला जातो त्या मुलखाचे नाव आपल्यापैकी कित्येकांच्या गोठ्यापर्यंत येऊन पोचलेले आहे. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, भरपूर दूध देणारी विलायती गाय तुम्ही पाहिली असेल. तिला आपण 'होल्स्टिन' म्हणतो, कुणी नुसते 'एच. एफ.' म्हणतात. त्यातला 'एफ' म्हणजे फ्रिजियन. फ्रीसलंड हा नेदरलंड्स देशाच्या उत्तरेचा, समुद्राला लागून असलेला प्रांत. जमीन सपाट, गवत विपुल आणि पाणी सगळीकडे. समुद्राला बांध घालण्याची विद्या येण्यापूर्वी तिथले लोक मातीचे उंचवटे रचून त्यांवर गावे वसवीत आणि भरतीच्या पाण्यापासून माणसे व गुरे वाचवीत. लेवार्डन हे या प्रांताचे मुख्य शहर. तिथे १९५४ साली एका गायीचा पुतळा उभारला गेला. लोक त्याला 'उस मेम' म्हणतात. म्हणजे 'आमची आई'! आपल्याला हे नाव समजावून सांगायला नको.

या फ्रिजियन लोकांची स्वतःची भाषा आहे. सुमारे साडेसहा लाख वस्तीच्या या प्रांतात चार लाखांच्या आसपास माणसे ती बोलतात. जर्मनीच्या वायव्येला जाटरलंड नावाचा एक लहानसा टापू आहे, तिथे दोनेक हजार माणसांच्या तोंडी तिची एक बहीण आहे. त्याहून उत्तरेला, जर्मनीच्याच किनाऱ्यावर आणि बेटांवर, तिसरी बहीण आहे. इंग्रजी, डच आणि जर्मन या मोठ्या भाषांची ही धाकटी भावंडे. घराणे एकच, जर्मानिक.

या फ्रिजियन भाषेत शंकेला, संशयाला शब्द आहे 'ट्विव्हल'. हाच आजच्या बोलण्याचा विषय. तुम्ही म्हणाल, कुठले फ्रीसलंड आणि कुठला ट्विव्हल, आम्हाला त्याचं काय? जरा थांबा. हा शब्द उलगडला तर आत आपल्याच ओळखीची वस्तू निघते.

प्रथम या शब्दाचा गोतावळा पाहू. डच भाषेत शंकेला 'ट्वैफेल' म्हणतात. जर्मन भाषेत 'त्स्वायफेल'. स्वीडिश माणूस 'त्वीवेल' म्हणतो, तर नॉर्वेचा माणूस तो शब्द आखडून नुसते 'त्वील' म्हणतो. जर्मानिक घराण्यात फार जुने आणि विस्तृत लेखन ज्या भाषेत सापडते ती गॉथिक. ती आज कुणी बोलत नाही. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या धर्मगुरूने तिच्यात बायबलचे भाषांतर केले. त्या गॉथिकमध्येही 'ट्वीफ्ल्स' हा शब्द आहे. म्हणजे हे नाणे निदान सोळाशे वर्षे चलनात आहे.

आता हे नाणे उलटून पाहू. त्याचा पुढचा भाग 'ट्वी' म्हणजे दोन. फ्रिजियनमध्ये दोनला 'ट्वा' म्हणतात, इंग्रजीत 'टू', जर्मनमध्ये 'त्स्वाय'. मागचा भाग जो 'फल' किंवा 'फेल', तो बहुतेक अभ्यासकांच्या मते 'घडी', 'पदर' या अर्थाचा. लॅटिनमध्ये दुपटीला 'दुप्लुस' म्हणतात, त्यातला 'प्लुस' तोच हा. तेव्हा शंका म्हणजे काय? तर दुपदरी गोष्ट. मन एकपदरी होते, त्याची दुहेरी घडी पडली, की झाली शंका.

याच 'दोन'पासून त्या भाषांनी आणखी काय काय केले पाहा. जर्मन 'त्स्वायग' म्हणजे फांदी. इंग्रजीत डहाळीला 'ट्विग' म्हणतात तोच हा शब्द. खोड एक असते आणि जिथे त्याचे दुबेळके होते तिथे फांदी निघते. इंग्रजी 'ट्विन' म्हणजे जुळे. 'ट्विस्ट' म्हणजे पीळ, कारण पीळ दोन पदरांना घालतात. डच भाषेत मात्र 'ट्विस्ट' म्हणजे भांडण. एका घरात दोन मते झाली की भांडण आलेच. आपणही 'दुही', 'दुफळी', 'दुमत' हेच म्हणतो ना? तेव्हा दोन माणसांत 'दोन' शिरला की तंटा होतो आणि एकाच माणसात 'दोन' शिरला की शंका येते, असा हा हिशेब आहे.

या हिशेबाची पुढची पायरी जर्मन भाषेने दाखविली आहे. 'त्स्वायफेल' म्हणजे शंका. त्याच्या मागे 'फेर' हा उपसर्ग लावून क्रियापद केले, की अर्थ होतो हताश होणे. शंका शेवटापर्यंत गेली, तिने माणसाला पुरते ग्रासले, की निराशा. डॅनिश भाषेतही असेच आहे. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार्ड याने १८४९ साली निराशेवर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात निराशेला तो जो शब्द वापरतो त्याच्या पोटात शंकेचा शब्द बसलेला आहे. आणि तेराव्या शतकाच्या आरंभी वोल्फ्राम नावाच्या जर्मन कवीने 'पार्त्सिफाल' हे महाकाव्य लिहिले, त्याचा आरंभच शंकेने होतो. शंकेत सापडलेल्या माणसाला तो मॅगपाय नावाच्या पक्ष्याची उपमा देतो. आपल्या दयाळ पक्ष्यासारखाच तो काळापांढरा. त्याला पांढराही म्हणता येत नाही आणि काळाही म्हणता येत नाही.

आता शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट. इंग्रजीतला 'डाउट' हा शब्द शिकविताना मुले हमखास विचारतात, "गुरुजी, यात 'बी' कशाला? उच्चारात तर नाही!" आणि आपण म्हणतो, "असतो तसा, पाठ करा." खरी हकीगत अशी. इंग्रजीचा जुना, घरचा शब्द वेगळा होता. 'ट्वेओ' असा काहीसा त्याचा उच्चार, आणि तोही 'दोन'पासूनच झालेला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा दरबारात, कोर्टकचेरीत आली आणि कालांतराने फ्रेंच 'दूत' या शब्दाने घरच्या शब्दाला हुसकून लावले. त्या फ्रेंच शब्दात 'बी' नव्हता. पण तो शब्द मूळ लॅटिन 'दुबितारे'पासून आलेला. म्हणून पुढे पंडितांनी लॅटिनची आठवण ठेवण्यासाठी लेखनात 'बी' घुसडला. बोलणाऱ्यांनी काही तो उच्चारला नाही. आणि गंमत अशी, की लॅटिन 'दुबितारे'चे मूळही पुन्हा 'दुओ', म्हणजे दोनच! इंग्रजांनी शब्द बदलला, पण दोनाचा आकडा काही सुटला नाही.

आता आपल्या घरी येऊ. अमरकोशात संशयाचे जे प्रतिशब्द दिले आहेत त्यांत विचिकित्सा, संशय, संदेह यांच्या पंक्तीला 'द्वापर' हाही शब्द आहे. युगाचे नाव म्हणून आपण तो ऐकतो. फाशाच्या खेळातल्या एका दानाचेही ते नाव. पण द्वापर म्हणजे संशय, हा अर्थही जुनाच. त्यात 'द्वि' उघड दिसतो. मराठीत आपण 'मनःस्थिती द्विधा झाली' म्हणतो. जुन्या मंडळींच्या तोंडी 'दुग्धा' असा शब्द आहे. "मी मोठ्या दुग्ध्यात पडलो" म्हणजे जावे की न जावे ते कळेना. या दुग्ध्याचा दुधाशी काही संबंध नाही बरं का. त्याचे नाते 'द्विधा'शी जोडतात. आणि पोरे अंगणात जो खेळ खेळतात तो 'तळ्यात-मळ्यात'! एक पाय इकडे, एक तिकडे. शंकेचे याहून चांगले चित्र कुठल्या पंडिताने काढले असेल असे मला वाटत नाही.

इथवर आल्यावर मोह होतो, की चला, 'ट्विव्हल' आमच्या 'द्वि'वरून निघाला, संस्कृत ही सगळ्यांची आई! हा मोह मलाही झाला होता. ती हकीगत सांगतो, कारण माझ्या मते आजच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे.

मी नुकताच महाविद्यालयात शिकवू लागलो होतो. एके दिवशी वर्गात मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहिले : द्वि, टू, त्स्वाय. आणि सांगून टाकले, की हे शब्द संस्कृतातून तिकडे गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वऱ्हाडातल्या खेड्यातून आलेला, शेतकऱ्याचा मुलगा. म्हणाला, "सर, आमच्याकडं डोयाच म्हंतात, डोळा नाही म्हनत. केळ्याले केयं म्हंतात, काळ्याले काया. म्हंजे 'ळ' दिसला का त्याचा 'य'. तसा तिकडं 'द'चा 'ट' सगळीकडंच झाला का एवढ्या एकाच शब्दात झाला?"

'डोया' ऐकल्याबरोबर वर्ग हसला. सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. "आधी शुद्ध बोलायला शीक, मग शंका काढ," असे काहीतरी बोललो आणि पुढे चाललो. मुलगा खाली बसला.

रात्री घरी पुस्तक उघडले आणि माझे मलाच ओशाळे वाटले. त्या मुलाने जो प्रश्न विचारला तोच प्रश्न रास्क नावाच्या डॅनिश विद्वानाने १८१८च्या सुमारास आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम याने १८२२ साली स्वतःला विचारला होता. हा ग्रिम म्हणजे ज्या दोघा भावांच्या परीकथा जगभर मुले वाचतात त्यांतला थोरला. त्यांनी पाहिले, की 'द'चा 'ट' हा एका शब्दाचा अपघात नाही. तो नियम आहे. संस्कृतात द्वि, दश, दन्त. इंग्रजीत टू, टेन, टूथ. आणि जर्मन भाषेने त्याच 'ट'ला आणखी एक मुरड घातली. तिथे त्स्वाय, त्सेन, त्सान. तसाच 'प'चा 'फ' : पंच, पितृ, पाद हे आपल्याकडे; फाइव्ह, फादर, फूट तिकडे. फ्रिजियनमध्येही पाचाला 'फीफ'. आता लॅटिन 'दुप्लुस' आणि गॉथिक 'ट्वीफ्ल्स' शेजारी ठेवा. 'द'च्या जागी 'ट', 'प'च्या जागी 'फ'. दोन्ही कुलपांना किल्ली एकच!

हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो मुलगा मात्र आपल्या गावच्या बोलीतून त्याच्या दारापर्यंत चालत आला होता.

त्याच नियमाने माझे दुसरे विधानही खोडून काढले. कलकत्त्याच्या न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६ सालच्या आपल्या व्याख्यानात म्हटले होते, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेली नाही. पुढच्या संशोधनाने हे म्हणणे पक्के केले आणि जर्मानिक भाषाही त्याच कुळातल्या ठरल्या. तेव्हा संस्कृत ही त्यांची आई नव्हे. नात्याने मावशी म्हणा. 'द्वि' तिच्याकडून उसना गेला नाही. तो दोघींनाही एकाच आजीकडून मिळाला.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. 'दोन' हा शब्द वारशाने आला. पण 'दोन'पासून शंकेला नाव देण्याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या घरी काढली. जर्मानिक लोकांनी 'ट्वीफल' घडविला, रोमन लोकांनी 'दुबियुम', आपण 'द्वापर' आणि 'दुग्धा'. बियाणे एक, पण रोप ज्याने त्याने आपल्या परसात लावले. याला पुरावा काय? हंगेरी देशाची भाषा आपल्या कुळातली मुळीच नाही. तिथे दोनला 'केत' म्हणतात आणि शंकेला 'केतशेग', म्हणजे शब्दशः दोनपणा! एवढेच नव्हे, तर निराशेला ते 'शंकेत पडणे' अशाच अर्थाचा शब्द वापरतात. रक्ताचे नाते नसताना दोन माणसे एकच बोलली, तर समजावे की त्यात काही माणसामात्राचा अनुभव आहे.

तो अनुभव कोणता? मला तो असा दिसतो. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला शंका येत नाही. रानात वाट चुकलेला माणूस आणि फाट्यावर उभा असलेला माणूस यांत फरक आहे. पहिल्याला वाटच दिसत नाही. दुसऱ्याला दोन दिसतात, आणि म्हणून तो थांबतो. आपल्या न्यायशास्त्राने सोळा पदार्थ सांगितले, त्यांत संशयाला तिसरे स्थान दिले आहे. त्यांचा नेहमीचा दाखला असा, की तिन्हीसांजेला दूर काहीतरी उभे दिसते. तो खांब आहे की माणूस? खांबही ठाऊक आहे, माणूसही ठाऊक आहे, म्हणून तर प्रश्न पडला. आणि प्रश्न पडला म्हणजे चार पावले पुढे जाऊन पाहिले जाते. शंकेची पाल चुकचुकते ती ज्ञानाच्या उंबरठ्यावर.

म्हणून, शिक्षकबंधूंनो, मूल जेव्हा शंका विचारते तेव्हा त्याला समजलेले नाही असे धरून चालू नये. पुष्कळदा त्याला एकाऐवजी दोन गोष्टी समजलेल्या असतात आणि त्या जुळत नसतात. जुळणी करून देणे एवढेच आपले काम. तिथे आपण हसलो, की मूल दोहोंपैकी एक पदर मुकाट्याने टाकून देते, आणि बहुधा टाकते तो स्वतःचा, घरचा.

घरचा पदर टाकायला लावण्याचे काम फ्रीसलंडमध्येही झाले. एके काळी त्यांचे कायदे त्यांच्या भाषेत लिहिले जात. तेराव्या शतकापासूनच्या जुन्या फ्रिजियन लेखनात कायद्याच्या पोथ्याच मुख्यत्वे उरल्या आहेत. पुढे कचेरीत, चर्चमध्ये आणि शाळेत डच भाषा आली आणि फ्रिजियन चुलीपाशी व गोठ्यात राहिली. सतराव्या शतकात बोल्सवर्ड गावच्या खीस्बर्ट यापिक्स नावाच्या एका शाळामास्तराने तिच्यात कविता लिहून तिची पत राखली. पण कोर्टात तिला उभे राहू देत नसत. १९५१ साली एका गवळ्यावर खटला झाला. का? तर त्याने दूध आणि ताक हे शब्द डच भाषेत न लिहिता फ्रिजियनमध्ये लिहिले होते! न्यायाधीशांनी कोर्टात फ्रिजियन ऐकण्याचे नाकारले. फेड्डे स्खुरर हे एके काळी शिक्षक असलेले संपादक. त्यांनी यावर कडक लेख लिहिला, आणि खटला त्यांच्यावरच झाला. १६ नोव्हेंबर १९५१ या दिवशी लेवार्डनच्या कोर्टाबाहेर लोक जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर दंडुके चालविले. तो वार शुक्रवार. तिथे तो आजही 'दंडुक्यांचा शुक्रवार' या नावानेच ओळखला जातो. त्याचा परिणाम असा, की १९५६ साली कोर्टात फ्रिजियन बोलण्यास कायद्याने मुभा मिळाली. १९५५मध्ये प्राथमिक शाळेची दारे तिला उघडली होती. १९८०मध्ये प्रांतातल्या प्राथमिक शाळांत ती आवश्यक विषय झाली.

मला त्या गवळ्याविषयी राहून राहून वाटते. भरल्या कोर्टात माणसाला काही सांगायचे असते, काही विचारायचे असते. 'साहेब, हे असे कसे?' हे म्हणायलासुद्धा आपला शब्द लागतो. पाठ केलेले उत्तर परक्या भाषेत देता येते. शंका मात्र पहिल्यांदा मायबोलीतच उगवते. ती 'डोया' म्हणत येते, अडखळत येते. तिचे कपडे पाहून तिला दारातून परत लावली, तर नुकसान आपले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाला उभे केले आणि सर्वांसमक्ष म्हटले, "काल तू विचारलेस तो प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक होते." मग द्वि, दश, दन्त फळ्यावर लिहिले आणि पुढचे त्यालाच सांगायला लावले. डोया, केयं, काया यांपासून सुरुवात करून त्याने ते सांगितले. त्या दिवशी कुणी हसले नाही. मला बरे वाटले. पण आदल्या दिवशी खाली बसताना त्याने जी मान घातली होती, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर अशा किती माना माझ्यामुळे खाली गेल्या असतील, त्यांचा हिशेब कुठे लिहिलेला आहे?

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेतात, शाळेत कुणी "पण हे असं कसं?" म्हणेल, तेव्हा त्या समुद्रकाठच्या गवळ्याचा 'ट्विव्हल' आठवा. समोरच्याला दोन वाटा दिसताहेत. त्याच्यापाशी घटकाभर थांबावे आणि त्या दोन्ही आपणही पाहाव्यात.